अमावास्येलाही चालणारा माग

मागाखाली सुताचा बारीक कचरा साठतो. आज झाडा, उद्या तेवढाच. किश्शांचंही तसंच आहे. कुणी मुद्दाम गोळा करत नाही, पण घरात एक घोरणारा माणूस असला की कोपऱ्याकोपऱ्यात ढीग लागतो! आमच्या घरातला तो माणूस म्हणजे आमचे हे. अख्खी गल्ली त्यांना आप्पा म्हणते, म्हणून मीही आप्पाच म्हणते. नाव घ्यायची कटकट नाही.

मी शाळेची पायरी चढले नाही, पण ऐकलेलं कधी विसरत नाही. आणि माझं ऐकणं जरा जास्तच झालंय, कारण मला झोप अशी लागतच नाही. मी नुसती पडून असते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

*

आमचं घर बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या गल्लीत. पुढं राहायचं, मागच्या शेडमध्ये दोन यंत्रमाग. गल्लीत सदानकदा खटॅक-खटॅक, खटॅक-खटॅक. बाहेरच्या पाहुण्याचा त्यात डोळा लागत नाही आणि आमचा त्याच्याशिवाय लागत नाही. आमच्यात पाळण्यातलं पोर माग सुरू झाला की झोपतं आणि लाइट गेली की भोकाड पसरतं!

फक्त अमावास्येला सगळे माग बंद. गल्लीचा जुना नेम आहे तो. कुणी मोडला तर पंच दारात येतात.

एका अमावास्येला दुपारची जेवणं झाली, आप्पा पुढच्या सोप्यात आडवे झाले. मी आतल्या खोलीत नुसती पडले होते. तेवढ्यात पंच आले. बरोबर शेजारची शांताक्का. आमच्या प्रकाशनं दार उघडलं. प्रकाश आमचा मुलगा, उद्यमबागेत कारखान्यात लेथवर असतो.

“काय रं प्रकाश, आज आवस हाय न्हवं?”

“व्हय की.”

“मग तुमच्यात माग कसा काय चालू?”

“एक न्हवं, दोन!” शांताक्का मधेच म्हणाली. “मी भिंतीला कान लावून ऐकलंय. एक जड चालतोय, एक जरा बारीक.”

प्रकाशनं सगळ्यांना मागच्या शेडमध्ये नेलं. पंचांनी एका मोटरीवर हात ठेवला. गार! दुसरीवर ठेवला. तीही गार! आणि खटॅक-खटॅक काही थांबेना.

“आरं, मग वाजतंय काय?”

प्रकाशनं बोट सोप्याकडं केलं.

या गलक्यानं मी उठून बाहेर आले. आले आणि काय सांगू, आवाज एकदम निम्म्यावर आला! माझी चाहूल लागली की आप्पांचं घोरणं निम्मं होतं, हे मी तेव्हाच ताडलं.

पंच जाताना हात जोडून म्हणाले, “आक्का, घोरायचं नेमात काय सांगितल्यालं न्हाय. पर पुढच्या आवसंला जरा दार लावून घ्या.”

*

घोरणं म्हटलं की लोक हसतात. हसा बापडे. पण मला भीती घोरण्याची नव्हती, थांबण्याची होती.

आप्पांचं घोरणं भरधाव चाललेलं असायचं आणि मधेच बंद. आवाज नाही, श्वास नाही. विणकराच्या घरातल्या बाईला हे लगेच कळतं. माग चालू असेपर्यंत आम्ही तिकडं बघतसुद्धा नाही. थांबला की धावतो, कारण थांबला म्हणजे धागा तुटला. मागाचा धागा तुटला तर गाठ मारता येते. माणसाचा तुटला तर कुठं गाठ मारायची?

म्हणून मी उशाला धोटा ठेवला. धोटा म्हणजे मागात इकडून तिकडं पळत सूत नेणारं लाकूड. टोकाला लोखंड असतं. टोचायला एकदम सोयीचा! आवाज थांबला रे थांबला की बरगडीत एक.

“धागा तुटला!”

आप्पा झोपेतच उठून बसायचे. दोन्ही हात पुढं, बोटं गाठ मारायला तयार. “कुठला गं? काठाचा का आतला?”

“तुमचा!”

“मग ऱ्हाऊ दे,” म्हणायचे आणि परत आडवे.

एकदा सकाळी उठायला गेले तर पदर सुटेना. बघते तर माझ्या पदराची आणि आप्पांच्या लुंगीची गाठ! झोपेत मारलेली, पण विणकराची गाठ ती, बारीक आणि पक्की. सून चहा घेऊन आली, बघत राहिली आणि म्हणाली, “आत्ती, परत लगीन लागलं व्हय?”

मी रात्रभर जागी असून मला ती गाठ कशी कळली नाही, देव जाणे.

*

रात्री अशी झोप मोडली की ती दिवसा वसूल होणारच. आप्पा सुताची कांडी हातात घेऊन झोपायचे, घास हातात घेऊन झोपायचे. शेजारच्या लग्नात अक्षता मुठीत धरून झोपले आणि नवरा-नवरी पाया पडायला आले तेव्हा दचकून अक्षता फोटोग्राफरवर टाकल्या!

पण आप्पांचा जीव अडकलेला स्कूटरमध्ये. जुनी आहे, पण आरशासारखी पुसलेली. साड्यांचा गठ्ठा पुढ्यात घ्यायचा, खडेबाजारात जायचं, दुकानदारांशी गप्पा मारायच्या, येताना माझ्यासाठी पुडीत गोड कुंदा आणायचा. माग पोटासाठी, स्कूटर त्यांच्यासाठी.

एके दिवशी खडेबाजारला जाताना रेल्वेचं फाटक पडलं. आप्पांनी स्कूटर बंद केली, दोन्ही पाय टेकले, गठ्ठ्यावर हनुवटी टेकली. गाडी गेली. फाटक उघडलं. आप्पा हलले नाहीत.

मागून हॉर्न. आप्पा ढिम्म!

आता आमच्या बेळगावात रस्त्याच्या मधोमध कुणी ठामपणे उभं राहिलं की लोकांना एकच वाटतं, आंदोलन! मागच्यानं आपली गाडी बंद केली आणि शेजारी येऊन उभा राहिला. एक जण रिक्षातून उतरला. कुणीतरी घोषणा दिली, “मिळालंच पायजे!” काय मिळालं पाहिजे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण साथ जोरात मिळाली.

पोलीस आला. त्यानं आधी कन्नडमध्ये विचारलं, मग हिंदीत, शेवटी मराठीत. “आजोबा, तुमची मागणी काय आहे?”

आप्पांनी एक डोळा उघडला. “धागा तुटला,” म्हणाले आणि डोळा मिटला.

मागून एक जण ओरडला, “बघा बघा, इणकरांचा प्रश्न हाय!”

प्रकाश उद्यमबागेतून धावत आला आणि आप्पांना आंदोलनातून सोडवून घरी घेऊन आला. आम्ही सगळे पोट धरून हसत होतो. तो हसला नाही. त्यानं स्कूटरची किल्ली काढून आपल्या खिशात टाकली.

“हसताय काय? फाटक बंद हुतं म्हणून वाचले. चालत्या गाडीवर डोळा लागला असता तर? आप्पा, झोप नीट झाली असं डॉक्टरनं आपल्या तोंडानं सांगितल्याबिगार ही किल्ली तुमची न्हाय.”

आप्पा दारात गेले, स्कूटरच्या सीटवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मग मलाही हसू आवरलं.

*

स्कूटर नाही म्हणून निपाणीला माझ्या भावाकडं एसटीनं निघालो. आप्पा खिडकीशी, मी शेजारी. बस हायवेला लागायच्या आत आप्पांचा माग सुरू! पुढच्या सीटवरचा माणूस दोनदा मागं वळला, मग त्यानं कानात रुमाल कोंबला.

मी अर्थातच जागी होते. निपाणी यायच्या आधी जरा डोळे मिटून देवाचं नाव घेत होते, एवढंच.

कुणीतरी खांदा हलवला. कंडक्टर! “उठा आज्जी, उठा आजोबा! निपाणी कवाच मागं गेली. ही कोगनोळी. नाका आला. आता पुढं महाराष्ट्र!”

मी म्हटलं, “यांना उठवा की. मला कशाला हलवताय?”

कंडक्टर म्हणाला, “आज्जी, दोघांलाबी हाका मारल्या. निम्मी बस हाका मारत हुती.”

मला जरा वाईटच वाटलं. देवाचं नाव घेणाऱ्या माणसाला कुणी असं हलवतं का? आप्पा मात्र नाक्यावर उतरले, हात ताणून आळस दिला आणि पाटीकडं बघत म्हणाले, “सीमाप्रश्न आपल्याला काय अवघड न्हाय बघ. मी झोपेतबी पार करतोय!”

*

शेवटी प्रकाशनं रजा टाकली आणि आप्पांना झोपेच्या डॉक्टरांकडं नेलं. असेही डॉक्टर असतात! त्यांनी एक छोटा बॉक्स दिला. तो छातीला बांधायचा, बोटाला चिमटा लावायचा आणि घरी झोपायचं. दुसऱ्या दिवशी बॉक्स परत.

डॉक्टर म्हणाले, “झोपेत घसा आतून मिटतो, श्वास अडतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. तुमचा अगदी हलका नाही, अगदी वाईटही नाही. मधला आहे. पण असाच सोडायचा नाही. हृदयावर ताण येतो.”

आप्पांनी काळजीनं विचारलं, “स्कूटरचं काय म्हंतासा?”

आधी नाकावरच्या मास्कचं मशीन वापरून बघू, असं ठरलं. ते नळीतून हवा सोडतं आणि घसा उघडा ठेवतं. वाईट दुखण्याला तेच सगळ्यात चांगलं, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यानं ट्रायलला दिलं. आप्पा मास्क लावून बसले की हत्तीच्या पिल्लासारखे दिसायचे. सून आरतीचं ताट घेऊन आली आणि म्हणाली, “मामांजी, मोदक आणू?”

आप्पांना ते मानवेना. पट्टा गालाला रुतायचा, हवा डोळ्यात जायची. तरी थोड्याच दिवसांत म्हणाले, “मिशन लई भारी हाय. रोज वापरतोय.” डॉक्टर खूश!

मशीन परत द्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मागची जाळी उघडली. आत सुताचा गोळा! लाल, हिरवा, थोडी जरीसुद्धा.

“आजोबा, तुम्ही झोपता कुठं?”

आप्पा मान खाली घालून म्हणाले, “घरातच की. पर हवा लई बारीक लागती हो, डॉक्टर. मागाच्या सांदीतला कचरा असा उडतोय, असा उडतोय! फडक्यानं निघत न्हाय तसला.”

डॉक्टरांनी मशीन झाकलं. “यांना दातांच्या डॉक्टरांकडं न्या,” म्हणाले.

*

घोरण्याला दातांचा डॉक्टर! मला वाटलं, हे म्हणजे पाय दुखतो आणि चप्पल धुवायला टाका. पण शेजारच्या शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. त्या कन्नड मिसळून गोड मराठी बोलतात.

“वरच्या दाताला एक प्लेट, खालच्या दाताला एक. झोपताना घालायची. खालचा जबडा थोडा पुढं धरून ठेवते. मग जीभ मागं पडत नाही री, घसा उघडा राहतो. पण दात घट्ट पाहिजेत.”

आप्पांचे दात घट्ट निघाले. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “आज्जी, तुमचे बघू? अय्यो, किती छान! तुम्हाला तर प्लेट एकदम मस्त बसेल.”

“मला कशाला?” मी म्हटलं. “मी झोपतेय कुठं?”

मग दातांचं माप. एका ताटलीत गुलाबी, पातळ पिठलं कालवलं. “बायी तगीरी,” म्हणाल्या, म्हणजे तोंड उघडा. आप्पांनी उघडलं. पिठलं भरलेली ताटली दातांवर दाबून बसवली आणि त्या म्हणाल्या, “हलू नका. नाकानं श्वास घ्या.”

खुर्ची मागं कललेली, वर गार पंखा, तोंडात स्ट्रॉबेरीचा वास. आप्पांना आणखी काय पाहिजे! पिठलं घट्ट व्हायच्या आत आप्पा गाढ.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “इतके शांत पेशंट मी बघितलेच नाही.” एवढं म्हणतायत तोवर माग सुरू झाला! नाकातून! घर्रर्र... घर्रर्र... पुढ्यातल्या ट्रेमधली हत्यारं थडथडायला लागली.

मी धोटा घरी विसरले होते. हातानंच टोचलं.

माप काढून बाहेर आलो तर बाकड्यांवर कुणीच नाही. येताना बसायला जागा नव्हती, आता शुकशुकाट. रिसेप्शनवरची मुलगी रडवेली झाली होती.

“मॅडम, सगळे उठून गेले. म्हणाले, आत एवढं मोठं ड्रिल लावलंय, आम्ही दुखणं सहन करतो!”

*

ही बातमी निपाणीला पोचली. माझा भाऊ अण्णा, जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला, तोही घोरतो. दुसऱ्याच दिवशी वहिनीला घेऊन हजर. तडक शहापूरला गेला. मीही सोबत.

“बायी तगीरी.”

अण्णानं तोंड उघडलं. आत एक दात नाही!

“अहो, दात कुठं आहेत?”

अण्णानं खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि कवळी टेबलावर ठेवली. “हे काय. ह्याच्यावर बसवा. मी झोपताना घालतो, तंबाखू खाताना काढतो.”

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, जबडा पुढं ओढून धरायला पक्का आधार लागतो. कवळी नुसती टेकलेली असते, तीच निसटून येईल.

अण्णा हिरमुसला. डॉक्टरीणबाईंना दया आली. म्हणाल्या, “दात नसणाऱ्यांसाठी दुसरी एक वस्तू असते. रबराच्या फुग्यासारखी. त्यात जीभ पुढं ओढून, धरून ठेवायची. सवय व्हायला अवघड जाते, पण टेस्ट करून ट्राय करता येईल. ती घातली की बोलता मात्र येत नाही हं.”

शेजारी बसलेली वहिनी एकदम पुढं सरकली.

“बाई, ते दिवसा घालता येतंय काय हो?”

*

आप्पांच्या प्लेटा आल्या. काचेसारख्या स्वच्छ, दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू. बरोबर सुईएवढी एक किल्ली. स्क्रू फिरवला की जबडा केसभर पुढं सरकतो. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “मी सांगेन तेव्हाच, सांगेन तेवढंच फिरवायचं. जबड्याला सावकाश सवय लागू दे री.”

पण तुम्ही विणकर बघितलाय का? समोर स्क्रू आहे आणि विणकरानं तो फिरवला नाही, असं या वडगावात घडलेलं नाही! माग जरा वेगळा वाजला की हा कान देतो, नट आवळतो, परत कान देतो. शेजाऱ्याच्या घरी चहाला गेला तरी त्याचा माग आवळून येतो.

एका सकाळी आप्पा परसात तोंड धुऊन आले आणि मी किंचाळले. खालचे दात वरच्या दातांच्या पुढं! हनुवटी दारातून आधी आत आली, आप्पा नंतर.

“काय केलासा हो?”

“आवाज जरा ढिला येत हुता,” आप्पा म्हणाले. शब्दसुद्धा पुढून ओघळल्यासारखे येत होते. “म्हणून ताणलं.”

भाकरी चावेना. वरचा दात खालच्याला भेटेना. दोघं दोन गावचे! आप्पा भाकरी दुधात कुस्करून प्याले आणि आम्ही शहापूर गाठलं.

डॉक्टरीणबाई कधी रागावत नाहीत, त्या दिवशी रागावल्या. “आप्पा, हा जबडा आहे. साडीचा ताणा नाही!” स्क्रू उलटे फिरवले, चावायचा व्यायाम शिकवला, संध्याकाळपर्यंत दात जागेवर येतील म्हणाल्या. आले. आणि ती सुईएवढी किल्ली त्यांनी काढून घेऊन आपल्या ड्रॉवरमध्ये टाकली.

घरी येताना रिक्षात, आमची गल्ली आली तेव्हा आप्पा म्हणाले, “स्कूटरची किल्ली ल्योकाकडं, तोंडाची किल्ली डॉक्टरणीकडं. माझ्याकडं काय ऱ्हायलं गं?”

“मी हाय की,” म्हटलं.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. “तुझ्यात स्क्रू कुठाय?”

*

मग मात्र आप्पांनी हात लावला नाही. सांगतील तेव्हा जायचे, त्या फिरवतील तेवढं फिरवून घ्यायचे. सकाळी जबडा जरा आखडायचा, उशी लाळेनं ओली व्हायची, पण कुरकुर नाही. कांडी हातात घेऊन झोपायचे थांबले. दुपारी बोलावं तर समोरून उत्तर यायला लागलं. इतक्या वर्षांनी! मला सवय नव्हती, मीच दचकायची.

आता शेवटची परीक्षा. प्लेटा घालून परत टेस्ट. ती चांगली आली तर स्कूटर, नाहीतर परत हत्तीचा मास्क. आप्पांनी आदल्या दिवशी स्कूटर धुतली. चालवायची नव्हती, तरी धुतली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “या वेळी बॉक्समध्ये माइक पण आहे. घोरण्याचा आवाज रेकॉर्ड होतो. तेव्हा शांत जागी झोपवा.”

वडगावात शांत जागा! प्रकाशनं डोकं लढवलं आणि अमावास्येचा दिवस धरला. गल्लीतले सगळे माग बंद. लोक त्या रात्री दर अमावास्येसारखेच कूस बदलत पडले असतील. आप्पांना बॉक्स बांधला, प्लेटा घातल्या. मी शेजारी धोटा हातात घेऊन पडले, जागी. सकाळ झाली तरी मला धोटा उचलावा लागला नाही, एवढं माझ्या लक्षात आहे.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं शहापूरला गेलो. झोपेच्या डॉक्टरांनी तपासून सगळं कॉम्प्युटरवर पाठवलेलं होतं. प्रकाश खिशात हात घालून उभा. खिशात किल्ली आहे हे आप्पांना ठाऊक होतं. ते डॉक्टरीणबाईंकडं बघतच नव्हते, त्या खिशाकडंच बघत होते.

“आप्पा, श्वास अडणं जवळजवळ गेलंय! मोठ्या डॉक्टरांनी पण सांगितलंय, ट्रीटमेंट चांगली चाललीय. रोज प्लेट घालायची आणि दिवसा झोप येत नसेल तर गाडी चालवायला हरकत नाही.”

आप्पांनी हात पुढं केला. प्रकाशनं किल्ली काढली.

“एक मिनिट,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. किल्ली हवेतच राहिली. “एक गोष्ट कळत नाही. श्वास इतका छान, पण माइकमध्ये घोरणं केवढं मोठं आलंय! आणि छातीचा पट्टा दाखवतोय की आप्पांचा श्वास सावकाश चाललाय. आवाजाचा ताल वेगळाच. ऐका.”

त्यांनी बटण दाबलं. खटॅक-खर्रर्र, खटॅक-खर्रर्र! खोली भरून गेली.

आप्पांनी डोळे मिटले, मान जरा तिरकी केली आणि कान दिला, मागाला देतात तसा. बराच वेळ ऐकलं.

“ह्यो माझा माग न्हवं,” म्हणाले. “माझा जड चालतोय. ह्यो बारीक हाय. शांताक्का म्हणत हुती बघ, त्यो दुसरा.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

“गल्लीतला कुणाचातरी माग चालू असंल!” मी म्हटलं.

“आई,” प्रकाश म्हणाला, “आवस हुती.”

त्यानं किल्ली आप्पांच्या हातावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले. “आज्जी, तुमची पण टेस्ट करून घेऊ. आज नुसते दात बघते. बसा इथं. बायी तगीरी.”

खुर्ची मागं कलली. तोंडात आरसा गेला, वर दिवा लागला. दिव्याच्या कडेनं आप्पांचं तोंड दिसलं. बोटात स्कूटरची किल्ली गरागरा फिरत होती. ते माझ्यावर वाकले आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

“आज घरी गेल्यावर धोटा कुणाच्या उशाला ठेवायचा गं?”

मला लई बोलायचं होतं. पण तोंड उघडं, आत आरसा. मी नुसतं “आँ” केलं.